रजेच्या अर्जाची पोच

बडोद्यातल्या मराठी घरांत पूर्वी नोकरी म्हटली की रेल्वे, विद्यापीठ, बँक, फार तर अलेंबिक किंवा रिफायनरी. दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात राहायचे, प्रतापनगरला कामाला जायचे, आणि रजेचा हिशेब कुणीतरी हेडक्लार्क सर्व्हिस बुकात मांडून ठेवायचा. आपण फक्त सही करायची. त्याच घरांतली पुढची पिढी आज मकरपुरा, पोर, वाघोडिया, सावली-मांजुसर, हालोल अशा पट्ट्यात कामाला जाते. बरेच जण ठेकेदाराच्या नावावर असतात, काही ‘एक्झिक्युटिव्ह’ असा छापील हुद्दा घेऊन बारा तास उभे असतात. यांचे सर्व्हिस बुक कोणी लिहीत नाही. घरात कोणी आजारी पडले किंवा सुनेला दिवस गेले की मग प्रश्न येतो, आता रजा किती मिळेल आणि पगाराचे काय?

आधी न आवडणारे उत्तर देतो. आई पडली, वडिलांची बायपास आहे, मुलाला डेंग्यू झाला, यासाठी ‘कुटुंबाची रजा’ या नावाने खासगी नोकरीत आपल्या कायद्याने काहीही दिलेले नाही. कायद्याने दिलेले हक्क मुख्यतः तीन आहेत. स्वतःच्या आजारपणात ईएसआयचा रोख लाभ, बाळंतपणाची रजा, आणि काम करून कमावलेली पगारी रजा, जिला आपल्याकडे सगळे ‘पीएल’ म्हणतात. घरच्यांचे आजारपण या तिसऱ्या रजेतून आणि किरकोळ सुट्ट्यांतून भागवावे लागते. या तिन्ही हक्कांत साहेबाची मर्जी जितकी वाटते तितकी चालत नाही. चालतात त्या तारखा, भरलेले दिवस आणि हातातला कागद. बहुतेकांचे नुकसान कायदा अपुरा असल्यामुळे कमी आणि कागद नसल्यामुळे जास्त होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट, 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. 1961 चा प्रसूती लाभ कायदा, 1948 चे ईएसआय आणि कारखाना कायदे आता त्यांत विलीन झाले आहेत. संक्रमणाच्या काळात जुने नियम, जिथे ते संहितेच्या विरोधात जात नाहीत तिथे, चालूच राहतात. त्यामुळे एचआरच्या टेबलावरून ‘तो कायदा आता बंद झाला’ असे उत्तर आले तर गडबडून जाऊ नका. कायद्याचे नाव बदलले आहे. बाळंतपणाचे सव्वीस आठवडे तेच आहेत आणि ईएसआयचे कार्डही तेच आहे.

ईएसआय: अठ्ठ्याहत्तर दिवसांचा हिशेब

पगाराच्या चिठ्ठीत ‘ईएसआय’ म्हणून 0.75 टक्के कापले जातात. मालक वर 3.25 टक्के भरतो. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना हे लागू आहे. दर महिन्याला दीडशे रुपये कापले जातात हे सगळ्यांना माहीत असते, पण त्याच्या बदल्यात आजारपणात रोख पैसे मिळतात हे फार थोड्यांना माहीत असते. बहुतेकांच्या लेखी ईएसआय म्हणजे गोत्रीचे रुग्णालय आणि तिथली रांग.

स्वतः आजारी पडलात आणि ईएसआयच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर सरासरी रोजच्या वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर मात्र हे दोन दिवस कापत नाहीत. रोजची सरासरी 600 रुपये धरली तर दिवसाला 420 होतात. दहा दिवसांचे आजारपण असेल तर आठ दिवसांचे 3,360 रुपये बँकेत जमा होतात. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या 34 दीर्घ आजारांना 80 टक्के दराने यापेक्षा बराच मोठा काळ लाभ मिळू शकतो, पण त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार वर्गणी-काळांत मिळून 156 दिवसांची वर्गणी लागते. कामावर अपघात झाला तर हिशेब वेगळा असतो. तेव्हा 90 टक्के मिळतात आणि वर्गणीच्या दिवसांची अट नसते. म्हणूनच मशीनवर बोट कापले असता ‘घरी लागले असे सांग’ असा सल्ला देणारा सुपरवायझर तुमचा हितचिंतक नव्हे.

आता खरी मेख. हा लाभ आज आजारी पडलात म्हणून आजच्या वर्गणीवर मिळत नाही. वर्षाचे दोन वर्गणी-काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे फेब्रुवारी 2026 मध्ये टायफॉइड झाला तर ईएसआय पाहणार एप्रिल ते सप्टेंबर 2025. त्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी तुमच्या नावावर हवी. 77 असली तर पैसे नाहीत, आणि तिथे वाद घालून उपयोग होत नाही.

या नियमात एक फायदाही दडलेला आहे. समजा मे महिन्यात पगार वाढून 22,000 झाला. एचआर म्हणते, तू ईएसआयमधून बाहेर. तसे नसते. वर्गणी-काळाच्या मध्येच मर्यादा ओलांडली तर तो काळ संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर, वर्गणी चालूच राहते आणि त्यावरचा लाभ पुढच्या जूनपर्यंत मिळू शकतो. पगारवाढीच्या आनंदात हे कोणी विचारत नाही.

नव्याने लागलेल्याला साधारण पहिले नऊ महिने आजारपणाचा रोख लाभ मिळत नाही, दवाखान्यातले उपचार पहिल्यापासून मिळतात. इथेच ठेकेदारीत काम करणाऱ्यांची मोठी फसगत होते. ईएसआयचा दहा आकडी इन्शुरन्स नंबर आयुष्यात एकच असतो. पण दरवर्षी ठेकेदार बदलतो आणि नवा ठेकेदार जुना नंबर न विचारताच नवा काढून टाकतो. कागदावर तुम्ही पुन्हा नवशिके होता, पुन्हा नऊ महिने, आणि दिवस दोन नंबरांत विभागल्यामुळे 78 कुठल्याच नावावर भरत नाहीत. पाच वर्षे एकाच गेटमधून आत जाणारा माणूस ईएसआयच्या हिशेबी कायम नवाच राहू शकतो. म्हणून ठेकेदार बदलला की पहिल्याच दिवशी जुना नंबर लिहून द्या. दोन नंबर झालेच असतील तर ते जोडून घेण्याचा अर्ज शाखा कार्यालयात, आजारी पडायच्या आधी, करा. ठेकेदार वर्गणी कापून गिळत असेल तर कायद्याने ती भरायची जबाबदारी आधी मूळ कंपनीवर आहे. कंपनीने ती भरून ठेकेदाराकडून वसूल करायची असते. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून तुमचा लाभ बुडत असेल तर ईएसआय महामंडळ तुम्हाला पैसे देऊन मालकाकडून वसूल करू शकते. त्यासाठी तुम्ही तिथे कामाला होता हे दाखवावे लागते. गेटपास, हजेरीचा फोटो, बँकेत आलेला पगार, युनिफॉर्म घेताना सही केलेली चिठ्ठी, हे सगळे त्यासाठी सांभाळायचे.

प्रत्यक्षात करायचे काय? आजारपणाच्या पहिल्या दिवशीच आपल्या ईएसआय दवाखान्यात जा. तिथला डॉक्टर पहिले प्रमाणपत्र देतो, मग साधारण दर सात दिवसांनी पुढचे, आणि कामावर परतण्याआधी शेवटचे. मधला एखादा आठवडा चुकला तर तेवढ्या दिवसांचे पैसेही चुकतात आणि कंपनीच्या हजेरीत तेवढे दिवस खाडा पडतो. रात्री धावपळीत खासगी रुग्णालयात भरती झालात तर तिथली कागदपत्रे घेऊन घरच्या कोणालातरी लगेच ईएसआय दवाखान्यात पाठवा. नंतर महिन्याभराने नेलेल्या कागदांवर शंका घेतली जाते. दावा शाखा कार्यालयात किंवा ईएसआयच्या पोर्टलवर करता येतो. त्याआधी बँक खाते आणि आधार तिथे नीट जोडलेले आहे का हे पाहून घ्या. स्पेलिंगमधल्या एका अक्षराने पैसे अडकतात, आणि आपली ‘कुळकर्णी’, ‘देशपांडे’ ही आडनावे गुजराती कारकुनाच्या हातून हमखास बदलतात.

एवढी सगळी योजना कुठून आली हे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. 1943 साली केंद्र सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायला सांगितले. त्यांचा अहवाल 1944 मध्ये आला आणि त्यावरून 1948 चा ईएसआय कायदा झाला. अहवाल आला त्या वेळी केंद्रात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेला गेलेल्या आणि 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीत आल्यावर जातीमुळे राहायला जागाही न मिळालेल्या माणसाचा या शहरातल्या प्रत्येक पगाराच्या चिठ्ठीशी असा संबंध आहे.

अर्ज असा लिहा

‘सुपरवायझरला फोन करून सांगितले होते.’ रजेच्या भांडणात हे वाक्य नेहमी ऐकू येते, आणि त्याची किंमत शून्य असते. सुपरवायझर बदलतो, विसरतो, किंवा वरून दबाव आला की ‘मला काही बोलला नाही’ म्हणतो. फोन जरूर करा, पण त्याच दिवशी लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, आणि कोणी जाणारे असेल तर टाइम ऑफिसात कागद. कागदाच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर तारीख, सही, शिक्का घेऊन पोच परत आणायची. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे. पोस्टात पोचपावतीची सोय मात्र मागून घ्या.

अर्ज गुजराती किंवा इंग्रजीत असलेला बरा, कारण वाचणारा तेच वाचतो. मजकूर एवढाच पुरतो:

‘प्रति, कार्मिक विभाग. मी अमुक विभागात अमुक टोकन नंबरवर काम करतो. माझा ईएसआय इन्शुरन्स नंबर अमुक. मी ता. 9 फेब्रुवारीपासून टायफॉइडने आजारी असून ईएसआय दवाखान्याच्या डॉक्टरांनी ता. 9 ते 15 विश्रांती सांगितली आहे. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. पुढचे प्रमाणपत्र मिळताच पाठवीन. ही गैरहजेरी आजारपणाची रजा म्हणून नोंदवावी.’

यात काय नाही ते पाहा. ‘साहेब, चूक झाली, माफ करा, पुन्हा असे होणार नाही’ हे नाही. आपल्या लोकांना अर्जात गयावया करायची खोड आहे, आणि नंतर चौकशीत तेच वाक्य तुमच्याविरुद्ध वापरले जाते: कर्मचाऱ्याने स्वतःच चूक कबूल केली आहे. आजारी पडणे ही चूक नाही, तेव्हा माफी कसली? आणखी एक, कोऱ्या कागदावर किंवा न कळणाऱ्या भाषेत टाइप केलेल्या मजकुरावर सही करू नका. करावीच लागली तर सहीखाली आपल्या अक्षरात ‘मजकूर न वाचता सही केली’ असे लिहा, अगदी मराठीत लिहिलेत तरी चालेल.

रजा संपूनही परतता आले नाही तर काय? अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत लिहिलेले असते की रजेनंतर आठ दिवसांत न आलेल्याचा नोकरीवरचा हक्क संपतो. एचआरवाले हे कलम बंदुकीसारखे दाखवतात. पण सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात ठरवले की असे कलम असले तरी म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय नोकरी आपोआप संपवता येत नाही. त्यामुळे ‘तुमचे नाव कमी केले आहे’ असे गेटवर सांगितले गेले तर घरी जाऊन बसू नका. त्याच दिवशी लिहून कळवा की मी कामावर हजर झालो, मला आत घेतले नाही. पुढच्या सगळ्या लढाईत हा एक कागद सर्वांत वजनदार असतो.

बाळंतपण

इथे कायदा सर्वांत स्पष्ट आहे, आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते.

पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पूर्ण पगारी रजा, त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी. दोन मुले हयात असताना तिसऱ्यासाठी 12 आठवडे. गर्भपात झाला तर सहा आठवडे. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजार झाला तर आणखी एक महिना. ईएसआयमध्ये असलेल्या बाईला हे पैसे ईएसआय देते, मागच्या दोन वर्गणी-काळांत मिळून 70 दिवसांची वर्गणी असेल तर. पगार ईएसआयच्या वर असेल तर मालकाने द्यायचे, आणि अट एवढीच की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेले असावे. ऐंशी. ‘एक वर्ष पूर्ण झाले नाही म्हणून रजा नाही’ असे सांगणाऱ्याला हा आकडा दाखवा.

सव्वीस आठवडे म्हणजे 182 दिवस. त्यातून रविवार वजा करायचे नाहीत. कोइमतूरच्या बी. शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे 1977 मध्येच मिटवले आहे, तरी अजून कुठे कुठे तो हिशेब होतो. मालकाकडून मिळणाऱ्या रजेत नोटीस द्यायची असते: कोणत्या तारखेपासून रजा हवी आणि पैसे कोणाला द्यायचे. गरोदर असल्याचा दाखला दिला की बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ द्यायचे, आणि बाळंतपणाचा दाखला दिल्यावर उरलेले 48 तासांच्या आत. मालक मोफत वैद्यकीय सोय देत नसेल तर 3,500 रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा. आधी नोटीस देता आली नाही तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर द्यावी, तेवढ्याने हक्क जात नाही. परत आल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन जादा सुट्ट्या आहेत, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे.

फसवणूक कशी होते ते सांगतो. चौथा-पाचवा महिना लागला की एचआरची बाई केबिनमध्ये बोलावते, चहा देते आणि म्हणते, ‘सध्या तू राजीनामा दे. बाळ मोठे झाले की परत ये, जागा तुझीच आहे.’ बोलणे गोड असते आणि सही तुमची असते. राजीनामा दिला की रजेचे पैसे गेले, सलग नोकरी तुटली, आणि परत घ्यायचे कोणतेही बंधन कंपनीवर राहिले नाही. रजेच्या काळात काढून टाकणे किंवा नोकरीच्या अटी तिच्या गैरसोयीने बदलणे कायद्याने गुन्हा आहे. स्वतः राजीनामा दिला तर मात्र तो गुन्हा सिद्ध कसा करणार? म्हणून नियम एकच. गरोदरपणात कोणत्याही कारणाने राजीनाम्यावर सही नाही. पुन्हा विचारले तर म्हणा, ‘मी रजेचा अर्ज देते, त्यावर तुमचा निर्णय लिहून द्या.’

‘तू तर कॉन्ट्रॅक्टवर आहेस’ हे दुसरे वाक्य. दिल्ली महापालिकेच्या मस्टररोलवरच्या, म्हणजे रोजंदारीवरच्या, बायकांना हा लाभ द्यावाच लागेल असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये ठरवले. 2023 मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात तर त्याने सांगितले की मुदतीची नोकरी रजेच्या मध्येच संपली तरी बाळंतपणाचा लाभ पूर्ण द्यावा लागतो.

हा हक्क मराठी माणसांनी विधिमंडळात भांडून मिळवलेला आहे. ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये केंद्रीय विधिमंडळात असे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात आलेल्या विधेयकाला आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्याने कायदा केला.

बाप होणाऱ्यांसाठी खासगी क्षेत्रात अजून काहीच नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते, ते कायदा झाले नाही. केंद्र सरकारी नोकरांना पंधरा दिवस मिळतात. कंपनीच्या नियमपुस्तिकेत असेल तर ते मागा, नसेल तर पीएल.

घरच्यांचे आजारपण

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना वाटते, तिकडे सगळे छान आहे. तिथे 1993 च्या केंद्रीय कायद्याने आजारी आई-वडील, नवरा-बायको, मुले यांच्यासाठी वर्षात बारा आठवडे नोकरी राखून ठेवावी लागते हे खरे, पण ती रजा बिनपगारी आहे, पन्नासहून कमी माणसांच्या कंपनीला लागू नाही, आणि सासू-सासरे त्यात बसत नाहीत. आपल्याकडे नोकरी राखणारी अशी रजाच नाही, पण उपचारांच्या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. ईएसआयमध्ये घरच्यांचे उपचार होतात, आणि नव्या संहितेत नोकरी करणाऱ्या बाईचे अवलंबून असलेले सासू-सासरेही कुटुंबात धरले आहेत. उत्पन्नाची मर्यादा आहे, ती शाखा कार्यालयात विचारून त्यांची नावे कार्डावर चढवा. हे काम सासूबाई धडधाकट असताना करायचे असते.

मग आजारी माणसाजवळ बसायला रजा कुठून आणायची? पीएलमधून. वर्षात 180 दिवस काम भरले की दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा, ही संहितेची तरतूद. आधी 240 दिवस लागत. म्हणजे वर्षाकाठी साधारण बारा-पंधरा दिवस. 180 दिवस मोजताना बाळंतपणाची रजाही कामाचे दिवस म्हणून धरतात. तीस दिवसांपर्यंत रजा पुढच्या वर्षी नेता येते, आणि तुम्ही मागूनही नामंजूर झालेली रजा या मर्यादेशिवाय पुढे जाते. त्यामुळे ‘नाही’ हे उत्तरसुद्धा लेखी घ्या, ते वाया जात नाही. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी आहे त्यांनी दिवाळीला सगळी पीएल विकून टाकू नये, इतकेच मी सांगेन. आठ-दहा दिवस शिल्लक असलेच पाहिजेत.

इथे एक अडचण आहे. ही पीएल ‘कामगारा’ला मिळते, आणि देखरेखीचे काम करणारा, महिना 18,000 पेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस संहितेच्या लेखी कामगार नाही. पण हुद्दा पाहत नाहीत, काम पाहतात. ‘ज्युनियर ऑफिसर’ म्हणवणारा पण दिवसभर पॅनेलवर बसून रीडिंग लिहिणारा माणूस कामगार ठरू शकतो. आपण रोज प्रत्यक्ष काय करतो त्याची कागदोपत्री साक्ष असू द्या.

सरकारी नोकरांची स्थिती बरी असली तरी त्यांनाही आई-वडिलांसाठी वेगळी रजा नाही. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की वर्षातल्या 30 अर्जित, 20 अर्धपगारी, 8 नैमित्तिक आणि 2 ऐच्छिक रजा वृद्ध पालकांच्या सेवेसह कोणत्याही खासगी कारणासाठी घेता येतात. याशिवाय आईला, आणि एकट्या वडिलांना, मुलांसाठी नोकरीत एकूण 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. रेल्वेत असाल तर प्रतापनगरच्या कार्यालयात आपल्या खात्यावर ती किती उरली हे विचारा.

छोट्या दुकानात, घरकामात, बांधकामावर असलेल्या बायकांचा या सगळ्यात जवळजवळ कुठेच हिशेब नाही. त्यांना अंगणवाडीतून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5,000 आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000 रुपये मिळतात. ती रजा नव्हे, पण तेवढे तरी सोडू नये.

नाकारले तर

ईएसआयची तक्रार आधी शाखा व्यवस्थापकाकडे, मग बडोद्यातल्याच उपप्रादेशिक कार्यालयात, आणि तरीही हलले नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर. ईएसआयचा टोल-फ्री नंबर 1800-11-2526 आहे. बाळंतपणाचे पैसे किंवा पीएल मालक देत नसेल तर कामगार खात्याकडे अर्ज. कामावरून काढले असेल तर सहायक श्रम आयुक्तांकडे समेटाची मागणी करा, आणि ती दोन वर्षांच्या आत करा. ‘बघू, साहेब बोलावतील’ म्हणत बसलेल्यांचे वर्ष कधी निघून गेले ते त्यांनाही कळत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे हटू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणतीही स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 या नंबरवर फोन करा. जाताना पगाराच्या चिठ्ठ्या, पोच घेतलेले अर्ज, डॉक्टरांची प्रमाणपत्रे आणि तारखांची एका पानाची यादी घेऊन जा. वकील ती यादीच आधी मागेल.

आणि आज धडधाकट असाल तर एवढे करा. ईएसआयच्या पोर्टलवर किंवा उमंग अ‍ॅपवर आपला इन्शुरन्स नंबर टाकून मागच्या वर्गणी-काळात ठेकेदाराने तुमचे किती दिवस भरले ते पाहा. 78 पेक्षा कमी दिसले तर उद्याच पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन शाखा कार्यालयात जा.